व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची: गिझरपासून एलईडीपर्यंत

फॉर्म्युले दोनच आहेत आणि ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात येऊन गेलेत. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, झालं. तरी आयटीआयला नवीन आलेली पोरं, घरी गिझर नाहीतर इन्व्हर्टर घेताना हिशोब करणारे लोक, एलईडीचे प्रोजेक्ट करणारी मुलं, सगळे त्याच त्याच जागी अडकतात, आणि अडकतात ते गणितात नाही, आकडा कुठून उचलला त्यात. नेमप्लेटवरचा करंट घेतला आणि व्होल्टेज मनानेच २३० धरलं, किंवा थंड बल्बचे ओहम मोजून त्यावरून वॅट काढले, की उत्तर असलं भलतंच येतं की माणूस फॉर्म्युल्यावरच शंका घ्यायला लागतो. म्हणून इथे गणित कमी आणि आकडे नीट कसे गोळा करायचे ते जास्त लिहितोय.

जास्त करून एकच वस्तू धरूया, २००० वॅटचा १५ लिटरवाला गिझर. बाकीच्या वस्तू मधेमधे येतील.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तुमच्या गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा डीटी-८३० टाइपचा मिळतो, शिकायला तो चालतो.
- क्लॅम्प मीटर, ज्याला जुने वायरमन टाँग टेस्टर म्हणतात. लगेच विकत घ्यायची गरज नाही, पण घरच्या लाइनचा करंट मोजायचा तर हाच लागतो, का ते खाली येईल.
- वस्तूची नेमप्लेट, म्हणजे मागे किंवा खाली चिकटवलेलं स्टिकर. मोबाइलने फोटो काढून ठेवा, गिझरच्या खाली वाकून वाचायला लागत नाही.
- कॅल्क्युलेटर आणि वही. आकड्यासोबत तो कधी घेतला आणि तेव्हा काय काय चालू होतं हेही लिहा.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, २३० व्होल्टची लाइन ही शिकायची जागा नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हिशोबाला साधारण १००० ओहम धरतात, मग २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो कारण त्याच्या वर जीवाशी खेळ आहे. तेव्हा आधी सगळी प्रॅक्टिस ९ व्होल्टच्या बॅटरीवर करा आणि घरच्या लाइनवर पहिल्यांदा मोजताना माहीतगार वायरमन शेजारी असू द्या.

१. चार नावं आणि त्यांची युनिटं पक्की करा

व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रेझिस्टन्स ओहममध्ये, पॉवर वॅटमध्ये. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध असं असतं, बाजारात कुणी तसं बोलत नाही. या चारपैकी कुठलेही दोन माहीत असले की उरलेले दोन निघतात:

- रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट
- पॉवर = व्होल्टेज × करंट
- पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स
- पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स

खालचे दोन वेगळे पाठ करायची गरज नाही, वरच्या दोनांतूनच येतात, पण हाताशी असले की बरं.

सापळा इथे एकच, मिलि आणि किलो. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. भागाकारात २० टाकलेत की उत्तर हजारपट चुकतं आणि ते चुकलंय हे कळतही नाही कारण ७ व्होल्ट ÷ २० = ०.३५ ओहम हा आकडा दिसायला काही वाईट नसतो. आधी सगळं साध्या युनिटमध्ये आणा, मगच कॅल्क्युलेटर उचला.

२. नेमप्लेट वाचा, पण तिच्यावर पूर्ण विश्वास नको

गिझरवर लिहिलेलं असतं २३० व्होल्ट, २००० वॅट. करंट निघाला २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. रेझिस्टन्स २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम. एवढ्यावरूनच एक कामाची गोष्ट कळते. आपल्याकडचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त ६ × २३० = १३८० वॅट, तेव्हा हा गिझर तिथे लावायचाच नाही, त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट पाहिजे. मोठ्या पिनेचा प्लग छोट्या सॉकेटात बसवायला जे कन्व्हर्टर मिळतात ते गिझरला वापरणाऱ्याला मी तरी हात जोडतो.

आता नेमप्लेटचा सापळा. हीटर, इस्त्री, गिझर यांच्यावर वॅट लिहिलेले असतात, तिथे अडचण नाही. पण लॅपटॉपचा चार्जर बघा. त्यावर असतं इनपुट १०० ते २४० व्होल्ट, १.५ अँपिअर, आणि आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. नवीन माणूस काय करतो, २३० × १.५ = ३४५ वॅट, बापरे म्हणतो आणि चार्जर काढून ठेवतो. तो १.५ अँपिअर हा सगळ्यात वाईट परिस्थितीतला, म्हणजे १०० व्होल्टच्या लाइनवरचा वगैरे धरून छापलेला असतो. खरा हिशोब आउटपुटचा: १९.५ × ३.३३ = ६५ वॅट. चार्जरमध्ये थोडं वाया जातं ते धरा, तरी ३४५ च्या जवळपासही जात नाही.

३. व्होल्टेज मोजा, आणि लोड चालू असताना मोजा

मीटरची काळी प्रोब, म्हणजे टोकदार टोकाची वायर, कॉमनच्या सॉकेटमध्ये, लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्ये. नॉब एसी व्होल्टच्या ७५० वर. २०० च्या रेंजवर ठेवलंत तर स्क्रीनवर नुसता डावीकडे १ दिसेल, त्याचा अर्थ रेंज पुरत नाही, लाइट नाही असा नाही.

इथला सापळा जीवघेणा आहे म्हणून तो वेगळा लिहितो. कोणीतरी आधी करंट मोजलेला असतो आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिलेली असते. तशीच ती २३० व्होल्टच्या फेज-न्यूट्रलला लावली की मीटरच्या आतून सरळ शॉर्ट होतो, कारण करंटच्या सॉकेटचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, आणि २३० भागिले जवळजवळ शून्य किती ते तुम्हीच बघा. स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. प्रत्येक वेळी लाल प्रोब कुठे आहे ते बघूनच हात पुढे न्यायचा.

टेस्टर पेटला म्हणजे २३० आहे असंही समजू नका. आतला निऑन दिवा १०० व्होल्टला पण पेटतो, तो फक्त फेज आहे एवढंच सांगतो.

आता मुख्य मुद्दा, लोडचा, म्हणजे लाइनवर करंट ओढणाऱ्या वस्तूचा. गिझर बंद असताना बोर्डवर २३२ दाखवलं आणि गिझर चालू केल्यावर त्याच बोर्डच्या शेजारच्या सॉकेटमध्ये २२५ दाखवलं, तर हिशोबाला २२५ घ्यायचं. आणि ही मधली ७ व्होल्ट पण वहीत लिहून ठेवा, वायरच्या स्टेपला लागतील.

गेऑर्ग सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली हा नियम छापला, त्याच्या आधी प्रयोग करताना त्याला पण हाच त्रास झाला होता, त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोड लावलं की खाली यायचं आणि आकडे जुळायचे नाहीत. शेवटी त्याने बॅटरी सोडून थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंचा सांधा, तापमानाच्या फरकावर स्थिर व्होल्टेज देतो) वापरलं तेव्हा कुठे सरळ नियम दिसला. तेव्हा व्होल्टेज आणि करंट एकाच वेळचे घ्या, सकाळचं व्होल्टेज आणि संध्याकाळचा करंट असं चालत नाही.

४. करंट मोजा

व्होल्टेज मोजताना मीटर वस्तूच्या दोन टोकांना आडवा लावतो, करंट मोजताना मात्र सर्किट तोडून मधे घालावा लागतो. बॅटरीच्या सर्किटला हे ठीक आहे. घरच्या लाइनला नाही, आणि डीटी-८३० वर तर एसी करंटची रेंजच नसते, १० अँपिअर लिहिलेलं असतं ते फक्त डीसीसाठी. हे दुकानदार सांगत नाही.

म्हणून क्लॅम्प मीटर. जबडा उघडायचा, वायरभोवती बंद करायचा, आकडा वाचायचा, कुठे काही तोडायला नको. नवीन लोक पूर्ण केबलभोवती क्लॅम्प लावतात आणि शून्य आला की मीटर खराब म्हणतात. केबलमध्ये फेजचा करंट एका दिशेने आणि न्यूट्रलचा उलट दिशेने जात असतो, दोघं एकमेकांना खोडतात, शून्यच येणार. एकच वायर जबड्यात पाहिजे, फेज किंवा न्यूट्रल. त्यासाठी वायरमनकडून एक छोटी एक्स्टेन्शन बनवून घ्या ज्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या वायरी सुट्या सुट्या बाहेर दिसतात, प्रत्येकीचं इन्सुलेशन शाबूत. एकदा बनवली की आयुष्यभर उपयोगी पडते.

करंट फार कमी असेल, जसं की पंख्याचा ०.३ अँपिअर, तर त्याच सुट्या वायरीचे जबड्यातून १० वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला १० ने भागा. छोट्या करंटला क्लॅम्प मीटर नीट बोलत नाही, वेढे घेतले की बोलतो.

आपल्या गिझरचा करंट समजा ८.३ अँपिअर आला.

५. रेझिस्टन्स काढा आणि मीटरने पडताळा

२२५ ÷ ८.३ = २७.१ ओहम. नेमप्लेटवरून २६.४ आला होता, कॉइलमध्ये एवढं थोडं इकडे तिकडे असतंच, म्हणजे जुळलं.

आता मीटरने डायरेक्ट मोजून बघायचं असेल तर एमसीबी बंद, प्लग बाहेर, आणि मगच नॉब ओहमच्या २०० रेंजवर. चालू लाइनवर ओहम मोजायचा नाही, मीटर जातो. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ०.३ किंवा ०.५ असं काहीतरी दिसेल, तो प्रोबच्या वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स, तो उत्तरातून वजा करा. मग गिझरच्या प्लगच्या दोन छोट्या पिनांवर लावा, गिझरचा स्वतःचा स्विच असेल तर तो चालू ठेवा आणि पाणी थंड असू द्या, नाहीतर थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असतं आणि तुम्ही कॉइल गेली म्हणून बसता. २६-२७ दिसलं तर कॉइल ठीक. नुसता १ दिसला तर कॉइल तुटली किंवा कटआउट, म्हणजे जास्त तापलं की सर्किट तोडणारा स्विच, उडाला. आणि छोटी पिन व अर्थची मोठी पिन यांच्यामध्ये मोठ्या रेंजवर पण काही रीडिंग दिसलं तर करंट बॉडीत येतोय, तो गिझर दुरुस्त होईपर्यंत लावायचा नाही.

६. पॉवर काढा, आणि कमी व्होल्टेजचा खेळ समजून घ्या

२२५ × ८.३ = १८६७ वॅट. विकत घेतला २००० चा, चालतोय १८६७ चा, कंपनीने फसवलं नाही, व्होल्टेज कमी आहे आणि कॉइलचा रेझिस्टन्स थोडा जास्त, एवढंच.

आणि व्होल्टेजचा फरक वाटतो तेवढा छोटा नाही, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर जाते. व्होल्टेज १० टक्के पडलं तर पॉवर १९ टक्के पडते. गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्ट मिळत असेल तर हाच गिझर १८० × १८० ÷ २६.४५ = १२२५ वॅटचा होतो. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ५० डिग्रीवर न्यायला साधारण १८८४ किलोज्यूल उष्णता लागते, २००० वॅटने ती द्यायला पावणेसोळा मिनिटं लागतात आणि १२२५ वॅटने साडेपंचवीस मिनिटं. युनिट मात्र दोन्हीकडे जवळपास अर्धाच, ०.५२ च्या आसपास, कारण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच आहे. "व्होल्टेज कमी म्हणून बिल जास्त आलं" हे गिझरच्या बाबतीत खरं नाही, टाकीतून थोडी जास्त वेळ उष्णता निघून जाते तेवढाच काय तो फरक.

मोटरचं मात्र उलटं. विहिरीवरच्या पंपाला पाणी उचलायचं काम तेवढंच असतं, व्होल्टेज पडलं की तो ते काम करायला जास्त करंट ओढतो. आणि वाइंडिंगमध्ये होणारी उष्णता करंट × करंट × रेझिस्टन्स अशी वाढते, म्हणजे करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोन पट. म्हणून कमी व्होल्टेजमध्ये गिझर नुसता मंद होतो आणि मोटर जळून रिवाइंडिंगला जाते.

७. कुठे हा नियम सरळ लावायचा नाही

पहिली जागा पिवळा फिलामेंटचा बल्ब. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजा, ४० ओहमच्या आसपास दाखवेल. मीटर बरोबर आहे. टंगस्टन तापला की त्याचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. स्विच दाबल्या दाबल्या क्षणभर २३० ÷ ४० म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास झटका बसतो, जुने बल्ब स्विच मारतानाच का उडायचे ते यातून कळतं. गिझरची नायक्रोमची कॉइल तापली तरी फारशी बदलत नाही, म्हणून तिला थंड मोजलेलं चालतं.

दुसरी जागा मोटर असलेलं सगळं, पंखा, फ्रिज, पंप. इथे व्होल्टेज × करंट केलं की वॅट येत नाहीत, व्होल्ट-अँपिअर येतात, त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला खरी पॉवर होणारा हिस्सा सांगणाऱ्या १ पेक्षा छोट्या आकड्याने, गुणावं लागतं. सिंगल फेजला पॉवर = व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. थ्री फेजला अजून १.७३२ ने गुणायचं. ५ एचपीचा शेतीपंप ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला साधारण साडेसात अँपिअर घेतो, पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर १.७३२ × ४१५ × ७.५ × ०.८५ = ४५८० वॅट. ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम, मधला फरक मोटरमध्ये गरमी होऊन जातो. आणि मोटरच्या वाइंडिंगचे ओहम मोजून त्यावरून करंट काढायला जाऊ नका, एसीवर ते उत्तर फार मोठं येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

८. वायर आणि एक्स्टेन्शन पण रेझिस्टन्सच आहे

तिसऱ्या स्टेपमधली ७ व्होल्ट काढा. ८.३ अँपिअरला ७ व्होल्ट पडली म्हणजे बोर्डपर्यंतच्या लाइनचा रेझिस्टन्स ७ ÷ ८.३ = ०.८४ ओहम, आणि त्यात जळणारी पॉवर ७ × ८.३ = ५८ वॅट. हे ५८ वॅट लांब वायरीत पसरलेले असतील तर काही कळत नाही. एखाद्या ढिल्या स्क्रूपाशी एकवटले तर तिथला सॉकेट काळा पडतो, प्लास्टिकचा वास येतो. म्हणून त्याच लोडवर काही महिन्यांनी ७ ची १२ व्होल्ट झाली असतील तर वायरमनला बोलवा, कुठेतरी कनेक्शन ढिलं झालंय.

एक्स्टेन्शनचा हिशोब असाच. १.५ स्क्वेअर एमएमच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स एका किलोमीटरला १३.३ ओहम असतो. ३० मीटरची एक्स्टेन्शन म्हणजे जायची ३० आणि यायची ३०, एकूण ६० मीटर, हे जायचं-यायचं लोक हमखास विसरतात. ०.०६ × १३.३ = ०.८ ओहम. १० अँपिअर ओढले तर ८ व्होल्ट गेली आणि ८० वॅट वायरीतच तापले. जमिनीवर पसरलेली असेल तर ठीक, रीळावर गुंडाळलेलीच वापरली तर ते ८० वॅट आतल्या आत कोंडतात आणि इन्सुलेशन मऊ पडतं. पूर्ण उलगडूनच वापरा.

९. एलईडीचा रेझिस्टर

हे सोपं आहे, पटकन सांगतो. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, करंट हवा २० मिलिअँपिअर. रेझिस्टरवर उरले ९ वजा २ म्हणजे ७ व्होल्ट, हे वजा करायला विसरायचं नाही. ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. दुकानात ३५० मिळत नाही, ३३० किंवा ३९० मिळतो, ३९० घ्या. पॉवर ७ × ०.०२ = ०.१४ वॅट, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. १२ व्होल्टचा अॅडाप्टर लावला तर १० ÷ ०.०२ = ५००, तिथे ५६० घ्या, आणि पॉवर ०.२ च्या जवळ जाते म्हणून अर्ध्या वॅटचा घ्या. काठावर चालवलेला रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो.

१०. क्लॅम्प मीटर नसेल तर लाइटच्या मीटरवरून

घराबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती इम्पल्स ते लिहिलेलं असतं, कुठे १६००, कुठे ३२००. आपण ३२०० धरू, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचा चार्जिंगचा स्विच पण, लोक हे दोन विसरतात. दिवा जवळजवळ थांबला की फक्त गिझर चालू करा आणि एक मिनिट लुकलुक मोजा, मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजलं तर चुकत नाही. समजा १०० वेळा लुकलुकला. तासाला ६०००, भागिले ३२००, म्हणजे १.८७५ किलोवॅट, म्हणजे १८७५ वॅट. त्याच वेळी व्होल्टेज २२५ असेल तर करंट १८७५ ÷ २२५ = ८.३३ अँपिअर आणि रेझिस्टन्स २२५ × २२५ ÷ १८७५ = २७ ओहम. क्लॅम्पने काढलेलं उत्तर २७.१ होतं.

दोन पद्धतींच्या उत्तरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर आधी व्होल्टेज दोन्ही वेळचं तेच होतं का ते बघा, मग दुसरं काही चालू राहिलं होतं का, मग क्लॅम्पमध्ये खरंच एकच वायर होती का, आणि हे सगळं बरोबर निघालं तर मल्टिमीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदलून परत मोजा, ती उतरली की हे स्वस्तातले मीटर आकडे वाढवून दाखवायला लागतात.